खिडकीचा रेनकोट

वीकेण्ड होम घेताना आपण व्ह्यू बघतो. पाऊसही नेमका त्याच बाजूने येतो! मग त्या लाडक्या काचेवर जूनच्या आधी प्लायवूडची फळी ठोकायची, की दर शनिवारी बादली आणि फडकं घेऊन बसायचं?

'स्टेशनपासून दहा मिनिटं, समोर माहुली.' आसनगावातल्या बंगलो स्कीम्सची जाहिरात याच्यापलीकडे फारशी जात नाही, आणि तशी गरजही नाही. सीएसएमटीहून कसारा लाइनवर साधारण ८५ किलोमीटर, वासिंद गेलं की आसनगाव. डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसायला लागले की डोक्यातलं ऑफिस आपोआप म्यूट होतं. मग घर बांधताना हॉलला भलीमोठी काच हवीच, हो ना? फ्लोअर टू सीलिंग, स्लायडिंग, सकाळचा चहा घेत बसल्या जागी गड दिसला पाहिजे.

आता जरा नकाशा काढा. माहुली आसनगावच्या वायव्येला. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून घुसतात. म्हणजे व्ह्यूची खिडकी हीच पावसाची खिडकी. ब्रोशरमध्ये हे कुणी छापत नाही!

शहापूर-मुरबाडचा पाऊस मुंबईच्या पावसासारखा सरळ डोक्यावर पडत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा. तानसा, भातसा, मोडकसागर, म्हणजे मुंबईच्या नळाला येणारं पाणी साठवणारी धरणं याच परिसरात आहेत, ती काही उगाच नाहीत. ढग घाटाला धडकायला निघालेले असतात आणि वाटेत तुमचं घर येतं. पाऊस आडवा येतो. खिडकीच्या फटीतून, स्लायडिंगच्या ट्रॅकमधून, चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून. याला आपल्याकडे छान शब्द आहे, झड. झड लागली की छज्जा दोन फुटांचा असो की तीन, त्याचा उपयोग फक्त कबुतरांना होतो.

झडीने घर ओलं होतं. वादळाने काय होतं ते वेगळं.

काच गेली की छप्पर जातं

३ जून २०२० चा दिवस आठवा. लॉकडाऊन नुकतं कुठे सैल होत होतं, सगळे घरात, आणि टीव्हीवर एकच नाव. निसर्ग. दुपारी ते चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा तासाला शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, खाली दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे पत्त्यांसारखे उडाले, विजेचे खांब वाकले. मुंबई थोडक्यात वाचली आणि आपण मीम्स फॉरवर्ड करायला मोकळे झालो. वादळ मात्र रायगडमधून पुणे जिल्ह्यात आणि पुढे नाशिककडे सरकत गेलं. समुद्रापासून लांब असलेल्या माणसांनाही त्या दिवशी कळलं की चक्रीवादळ चौपाटीवर बूट काढून थांबत नाही.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, तौक्ते मुंबईच्या बाजूने समुद्रातून गुजरातकडे गेलं. किनाऱ्याला न लागताही कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता. आणि १३ मे २०२४? ते तर चक्रीवादळही नव्हतं. वळिवाचं धुळीचं वादळ, संध्याकाळच्या आधी आलं आणि तासाभरात गेलंही. तेवढ्यात घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. वाऱ्याला फक्त सैल वस्तू लागते. ती सापडली की काम झालं.

घराच्या बाबतीत ही सैल वस्तू म्हणजे बहुतेक वेळा काच. आणि इथे थोडं फिजिक्स, अगदी थोडं. वारा ताशी १२० किलोमीटर असेल तर चार बाय चारच्या खिडकीवर तो साधारण १०० किलोचा दाब टाकतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर दाब निम्मा होत नाही, पाव होतो. उलटं बघितलं तर वेग दुप्पट, दाब चौपट. आता नुसता दाब चांगल्या काचेला झेपतोही. पण शेजारच्यांचं सुटलेलं कौल, गच्चीवरची कुंडी, प्लॅस्टिकची खुर्ची येऊन आदळली की काच संपली. मग वारा आत शिरतो आणि आतून छपराला वर ढकलतो. बाहेरून छपरावरून वाहणारा वारा ते आधीच वर ओढत असतो. दोन्ही एकत्र झाले की पत्रा हूकसकट जातो. म्हणजे खिडकीला फळी लावायची ती नुसती काच वाचवायला नाही, डोक्यावरचं छप्पर वाचवायला!

अमेरिकेत फ्लोरिडाला हे १९९२ मध्ये फार महागात पडून कळलं. २४ ऑगस्टला अँड्र्यू नावाचं हरिकेन मायामीच्या दक्षिणेला धडकलं आणि हजारो घरं भुईसपाट झाली. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियमच बदलले. तिथे आता खिडकीचं संरक्षण पास करायचं तर त्यावर चार किलोचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने मारून बघतात. भारी आहे ना? तिथल्या सिनेमांत आणि बातम्यांत वादळाआधी लोक दुकानासमोर प्लायवूडसाठी रांगा लावून उभे दिसतात, ते त्यामुळे.

आपल्याकडे एवढी वेळ येते का? सरळ सांगायचं तर आसनगावला रोज उठून खिडक्या ठोकत बसण्याची गरज नाही. पण आपल्याच भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, इमारतीचं डिझाइन करताना धरायचा वाऱ्याचा मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर दिलाय, नाशिकला ३९. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ताशी १५८ आणि १४०. आसनगाव या दोघांच्या मधे. तुमच्या बिल्डरने खिडकीच्या बाबतीत हा आकडा बघितला होता का, हे त्याला एकदा विचाराच. चेहरा बघण्यासारखा होईल.

ताटी गेली, फ्रेंच विंडो आली

गंमत म्हणजे हा फंडा आपल्याला नवीन नाहीच. कोकणात, ठाणे जिल्ह्याच्या गावांत आगोटीची कामं असतात. पाऊस लागायच्या आधी लाकूडफाटा आत घ्यायचा, मीठ-मिरचीची बेगमी करायची, घर शाकारायचं आणि पडवीच्या उघड्या बाजूला आडोसा बांधायचा. किनारपट्टीला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचा, इकडे आत गवताचा, बांबूच्या ताट्यांचा. पावसाळा संपला की सोडायचा. इंग्रजीत ज्याला 'सीझनल स्टॉर्म प्रोटेक्शन' म्हणतात ते हेच, फक्त त्याचं कॅटलॉग नव्हतं. ताटी तर इतकी जुनी की मुक्ताबाईंचे 'ताटीचे अभंग' तिच्या नावाने ओळखले जातात. ज्ञानेश्वर दार लावून बसले होते ते दार म्हणजे ताटी.

जुन्या घरांच्या खिडक्या आठवा. लहान. आत लाकडी किंवा लोखंडी गज, त्याला दोन लाकडी झडपा, मागे आडवा अडसर. काच नाहीच. पाऊस आला की झडपा ओढायच्या, अडसर टाकायचा, विषय संपला. वादळाची फळी खिडकीतच बिल्ट-इन होती! आपण ती काढून भंगारात दिली, तिच्या जागी आठ फुटांची काच बसवली आणि आता त्या काचेसमोर लावायला फळी शोधतोय. माझं मत विचाराल तर नवीन घर बांधणाऱ्याने निदान पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या झडपा करूनच घ्याव्यात. दिसतातही क्लास. पण ज्यांचं घर बांधून झालंय त्यांच्यासाठी प्लायवूड.

प्लाय म्हणजे नुसता प्लाय नाही

शहापूरच्या बाजारात किंवा कल्याणला प्लायवूडच्या दुकानात जाऊन नुसतं 'प्लाय द्या' म्हटलंत तर पुढ्यात येतो तो कमर्शियल, म्हणजे एमआर ग्रेड. तो घरातल्या कपाटासाठी. आसनगावच्या पावसात तो जुलैपर्यंत फुगतो आणि ऑगस्टमध्ये पानं सुटलेल्या वहीसारखा दिसतो. त्यावर मारलेलं आयएसआय मार्किंग वाचा. ३०३ नंबर आणि बीडब्ल्यूआर लिहिलं असेल तर एखाददुसऱ्या सीझनला चालेल. ७१० लिहिलं असेल तर तो मरीन प्लाय. त्याचा गोंद उकळत्या पाण्याच्या टेस्टला टिकतो. महाग आहे, पण हा एकदाच होणारा खर्च आहे. तिसरा पर्याय म्हणजे स्लॅब टाकताना वापरतात तो काळपट-चॉकलेटी फिल्मचा शटरिंग प्लाय. त्याला रूप नाही, पण पाण्यात राहायचीच त्याची नोकरी असते. बांधकामावरचा वापरलेला शटरिंग प्लाय स्वस्तात मिळतो. मात्र त्याला आधीच शंभर खिळ्यांची भोकं पडलेली असतात, तो घेऊ नका.

जाडी? बारा मिलिमीटर किमान. खिडकी मोठी असेल तर सोळा किंवा अठरा. इथे वजनाचा विचार करा. आठ बाय चारचा बारा एमएमचा ताव साधारण २२-२३ किलोचा भरतो, अठरा एमएमचा ३५ किलोच्या आसपास. तो अर्धा कापला की चार बाय चारच्या दोन फळ्या होतात. प्रत्येक फळीने चौकटीच्या बाहेर चारी बाजूंना चार इंच तरी भिंतीवर बसायला हवं, म्हणजे चार बाय चारची फळी साधारण तीन फूट चार इंचांच्या उघड्या खिडकीला पुरते. बेडरूम आणि किचनचं भागलं. हॉलच्या त्या आठ फुटी काचेला मात्र दोन-तीन फळ्या जोडाव्या लागतात आणि जोडाच्या मागे उभी लाकडी पट्टी हवीच. नाहीतर वारा जोडातच बोट घालतो.

कापून झाल्यावर कडांकडे बघा. प्लाय पाणी पितो तो कडांनी, तोंडावरून नाही. कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात, तेही उन्हात वाळवून. हे काम मेच्या पहिल्या आठवड्यात होतं. जूनमध्ये रंग वाळत नाही, फक्त चिकटतो.

आणि प्रत्येक फळीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा. 'हॉल, पश्चिम, डावी, वरची बाजू.' बाण काढा. हे बालिश वाटतं, पण पुढच्या वर्षी सात सारख्या दिसणाऱ्या फळ्या आणि चाळीस भोकं घेऊन उभं राहिलात की नाही वाटणार.

भोक कुठे पाडायचं?

सगळं इथेच अडतं. फळी किती भारी याला फारसा अर्थ नाही. ती कशाला धरून आहे ते महत्त्वाचं. आपल्याकडे सर्रास काय होतं? सुताराला बोलावतात, तो लाकडी गुल्ली ठोकतो, त्यात दोन इंची खिळा. किंवा मग प्लॅस्टरमध्ये रावळ प्लग. बाहेरचं प्लॅस्टरच पाऊण इंचाचं, त्यात बसलेला स्क्रू म्हणजे केकमध्ये खोचलेली मेणबत्ती. १०० किलोचा दाब आला, किंवा वारा उलटा फिरून फळी बाहेर ओढायला लागला, की प्लॅस्टरसकट बाहेर.

स्क्रू विटेत किमान दोन इंच गेला पाहिजे. फळीची जाडी, प्लॅस्टर आणि ते दोन इंच धरले तर चार इंची फास्टनर लागतो. तो विटेच्या मधोमध, दोन विटांच्या सांध्यात नाही. आणि चौकटीच्या कडेपासून अडीच-तीन इंच लांब, नाहीतर वीटच चिरते. आपल्या भागातली भट्टीची लाल वीट तशी नरम असते, हॅमर ड्रिल धडधड चालवलं की कोपरे उडतात. आधी साधं ड्रिल, मग हॅमर. खिडकीच्या वर आरसीसीचा लिंटेल असतो, तिथे मात्र अँकर फास्टनर मस्त बसतो. प्रत्येक फुटाला एक, चारी बाजूंना. कोपऱ्यातले चार लावून सोडून देऊ नका. मधे फळी फुगा होऊन थडथडते आणि एक एक करून बाकीचे सैल करते.

सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे भिंतीत कायमचे आटे असलेले स्टेनलेस स्टीलचे अँकर बसवून टाकायचे. मेमध्ये फळी चढवा, मोठा वॉशर, विंग नट, संपलं. पान्हाही लागत नाही. दिवाळीनंतर नट काढा आणि आट्यांवर ग्रीस लावून रबराच्या टोप्या घाला. साधं जीआय वापरलंत तर दोन पावसाळ्यांत गंजून नट आणि बोल्ट यांचं लग्न लागतं, मग ग्राइंडरच लागतो.

भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही? ग्रीलचा आधार घ्या. आपल्याकडे बऱ्याच खिडक्यांना काचेच्या बाहेर लोखंडी ग्रील असतंच. फळी बाहेरून टेकवायची, आतल्या बाजूने ग्रीलवर दोन आडव्या लाकडी पट्ट्या, आणि आरपार बोल्ट. फळी आणि पट्टी यांच्यामध्ये ग्रील सँडविच होतं. झडीसाठी हे उत्तम. चक्रीवादळासाठी ते ग्रील स्वतः चौकटीला किती स्क्रूंनी धरलंय ते आधी मोजा. बहुधा चार. त्यातला एक गंजलेला.

अजून एक. वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन किंवा रबरी पट्टी लावा, पण खालची कड मोकळी ठेवा. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट हवी, आणि घराला श्वासही. चार महिने सगळ्या खिडक्या गच्च बंद ठेवलेल्या घरात सप्टेंबरमध्ये शिरून बघा. गाद्यांवर पांढरी बुरशी, चामड्याच्या बुटांवर हिरवी, आणि कपाटातल्या शर्टांना तो वास. वाऱ्याच्या उलट्या बाजूची, म्हणजे साधारण पूर्वेची एखादी जाळीची खिडकी उघडी राहू द्या.

आणि फळी लावायच्या आधी एक फुकटातलं काम करा. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. पाणी वाहून जायला. बहुतेक घरांत ती माती, मेलेले किडे आणि रंगाने बुजलेली असतात. जुनी टूथब्रश आणि एक तार घ्या. निम्मी गळती इथेच थांबते. अनेकांना मग झडीसाठी प्लाय लागतही नाही, आणि तसं झालं तर हा लेख वाचून तुमचे पैसे वाचले असं समजा!

काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याचा प्रकार तर सोडूनच द्या. अमेरिकेतले तज्ज्ञ हेच सांगताहेत. पट्टीने काच मजबूत होत नाही. फुटलीच तर बारीक तुकड्यांऐवजी मोठे सुळे अंगावर येतात. 'दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब बरोबर होतो' ही दुसरी लोककथा. वाऱ्याला आत बोलावून छप्पर वर ढकलायला लावायचं असेल तर जरूर उघडा.

'काका, जरा बघून घ्या ना...'

आता मुद्द्याचं. आसनगाव, शहापूर, मुरबाडकडच्या वीकेण्ड होम्समध्ये पावसाळ्यात मालक नसतो. मालक ठाण्यात किंवा पवईत असतो आणि मोबाइलवर हवामान खात्याचा रेड अलर्ट बघत असतो. मग फोन जातो तो बंगल्याची देखभाल करणाऱ्या गावातल्या माणसाला. 'काका, वादळ येतंय म्हणे. त्या फळ्या गॅरेजमध्ये आहेत, जरा लावून घ्या ना.' गोड आवाजात, अगदी आदराने. काकाही नाही म्हणत नाहीत.

त्या फोनचा अर्थ काय होतो ते बघा. वारा समजा नुसता ताशी ६० आहे, वादळाच्या मानाने काहीच नाही. चार बाय चारची फळी वाऱ्यासमोर धरली की तिच्यावर २५ किलोचा धक्का बसतो. तोही एकसारखा नाही, झोताझोताने. फळी स्वतः ११ किलोची. धरणारा माणूस पन्नाशीचा, ओल्या शिडीवर, एका हातात स्क्रू. ती फळी नाही, शिडाची होडी आहे! आणि त्याचं स्वतःचं घर? त्याचा पत्रा, त्याची गुरं, त्याची पोरं त्या वेळी कोण बघतंय?

म्हणून नियम एकच ठेवा, आणि तो स्वतःसाठी ठेवा. वारा सुटल्यावर फळी लावायची नाही. मेच्या मध्यापर्यंत लागली असेल तर लागली. नाही लागली तर काच गेली तरी चालेल, फोन करायचा नाही. काच पुन्हा बसवता येते. खरं तर त्या दिवशी फोन करायचाच असेल तर त्यांना त्यांच्या घरी जायला सांगायला करा. किंवा तुमचा स्लॅबचा बंगला उघडून कुटुंबासकट आत येऊन बसायला. किल्ली त्यांच्याकडेच असते, फक्त तुम्ही म्हणायचा अवकाश असतो.

आणखी एक टाइमटेबल लक्षात घ्या. मे महिन्यात लग्नसराई, सुतार मिळत नाही. जूनमध्ये पेरणी, जुलैत भाताची लावणी, अख्खं गाव चिखलात. तेव्हा दोन तासांच्या कामाला माणूस द्या म्हणणाऱ्याला गावात कुणी सीरियसली घेत नाही, आणि बरोबरच आहे. सुताराला एप्रिलमध्येच गाठा. मापं घ्यायला त्याला स्वतः भेटा, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून मापं होत नाहीत.

फळ्या लावलेल्या घरात कुणी राहणार असेल तर एक दार आणि निदान एक खिडकी आतून उघडता येईल अशी मोकळी सोडा. वीज गेली, मेणबत्ती कलंडली, गॅस राहिला, आणि सगळ्या खिडक्या बाहेरून बोल्ट केलेल्या? नको रे बाबा. राहत्या घराला पारदर्शक पॉलिकार्बोनेटची जाड शीट बरी. उजेड येतो, वाशाचा मारही झेलते. महाग आहे आणि ओरखडे पडतात, पण चार महिने ट्यूबलाइट लावून बसण्यापेक्षा चालेल.

याच शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवर कातकरी, ठाकर कुटुंबं राहतात. कातकऱ्यांतली बरीचशी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस लागायच्या तोंडावर परततात. तुमच्या बंगल्याची वीट कदाचित त्यांनीच थापलेली. परत येतात तेव्हा झोपडं सहा-सात महिने बंद असतं. कारवीच्या कुडाला शेण-माती सारवलेली भिंत उन्हाने तडकलेली, वाळवीने खाल्लेली. हाताशी दिवस मोजके. मग भिंतीवरून निळं किंवा काळं प्लॅस्टिक ओढायचं, वरून बांबूची पट्टी, सुतळी, कडेला दगड. तीच त्यांची वादळाची फळी. सगळ्या घराला मिळून एकच, आणि दरवर्षी नवीन. तुमच्याकडे कापून उरलेला प्लायचा ताव असेल, दोन सीझन वापरून बदललेल्या फळ्या असतील, तर त्या भंगारवाल्याला देण्याआधी जवळच्या पाड्यावर एकदा विचारा. झडीच्या बाजूला उभी केलेली एक जुनी फळी प्लॅस्टिकपेक्षा केव्हाही बरी. फक्त नेऊन टाकू नका, विचारा. आणि सोबत स्क्रू द्या.

काढायची कधी?

गणपती झाले, ऊन पडलं, माहुली पुन्हा दिसायला लागला की हात शिवशिवतात. फळ्या काढाव्यात, काच पुसावी, फोटो टाकावा. थांबा. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे सीझन दोन असतात. एक मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. २००९ मध्ये दिवाळी ऑक्टोबरमध्येच झाली होती, कंदील उतरले होते, आणि ११ नोव्हेंबरला फयान कोकणच्या किनाऱ्यावर आलं. शिवाय परतीचा पाऊस आणि वळीव घाटाच्या बाजूने येतात. म्हणजे तेव्हा मार बसतो तो पूर्वेच्या खिडकीला, जी तुम्ही हवेसाठी उघडी ठेवलीय. पश्चिमेची एखादी फळी व्ह्यूसाठी उतरवायची तर उतरवा, पण ती पूर्वेला बसेल अशी दोन्हीकडे सारख्याच मापाची भोकं असतील तर काय मजा! हे मात्र एप्रिलमध्ये मापं घेतानाच सुचायला हवं.

उतरवलेल्या फळ्या दोन दिवस उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. मग आडव्या, सपाट, जमिनीपासून वर विटांवर किंवा पोटमाळ्यावर. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या तर एकतर पिळवटतात, दुसरं म्हणजे मागे जी अंधारी, ओलसर, उबदार फट तयार होते ती मण्यार-घोणशीला फार आवडते. मेमध्ये फळी उचलताना आधी काठीने आवाज करा, हातमोजे घाला, आणि पोरांना लांब उभं करा.